तुमचे प्रश्न : बास्केटबॉल कार्डं, अदलाबदल आणि ते एक जॉर्डनचं कार्ड

मागच्या अंकात बास्केटबॉल कार्डांवर, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या, जमवायच्या आणि अदलाबदल करायच्या कार्डांवर, चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळी अख्खा कॉलम त्यालाच देतेय. काही प्रश्न लांबलचक होते ते थोडे कापलेत, मुद्दा तोच ठेवलाय.

प्रश्न : मी नववीत आहे. पॉकेटमनी साठवून पॅक घेतो पण त्यात नुसती साधी कार्डं निघतात. मित्राकडे सही केलेलं कार्ड आहे, माझ्याकडे एकही नाही. माझं काय चुकतंय?

तुझं काहीच चुकत नाहीये, पॅकचं गणितच तसं असतं. पॅकवर किंवा बॉक्सवर बारीक अक्षरात ऑड्स छापलेले असतात, म्हणजे कुठल्या प्रकारचं कार्ड साधारण किती पॅकमागे एक निघतं ते, एकदा नीट वाच म्हणजे कळेल की ऑटो, म्हणजे सहीचं कार्ड, न निघणं हेच नॉर्मल आहे आणि निघणं हा अपवाद.

आता एक गोष्ट समजून घे, ती कळली की अर्धा छंद कळला. एकाच खेळाडूचा एकच फोटो पण त्याची कार्डं डझनावारी असतात. सगळ्यात खाली बेस, ते भरपूर छापतात. मग त्याच फोटोचं चकाकणारं सिल्व्हर, मग वेगवेगळ्या रंगांचे पॅरलल, त्यातल्या काहींवर नंबर छापलेला असतो, समजा ०७/१० असं दिसलं तर अशी फक्त १० कार्डं छापलीत आणि तुझ्या हातातलं त्यातलं सातवं. प्रिझम नावाच्या सेटमध्ये गोल्ड १० असतात आणि ब्लॅक एकच. इन्सर्ट म्हणजे बेस सेटच्या बाहेरची वेगळ्या डिझाइनची कार्डं. आणि रुकी म्हणजे खेळाडूच्या पहिल्या सीझनचं कार्ड, सगळी मारामारी त्याच्यावर.

तर माझा सल्ला सरळ आहे, पॅकचे पैसे दोन-तीन महिने बाजूला ठेव आणि जो खेळाडू तुला मनापासून आवडतो त्याचं हवं ते कार्ड थेट सिंगल, म्हणजे एकटं सुटं, विकत घे. पॅक वाढदिवसाला फोड, मजेसाठी फोड, मीही फोडते, पण कलेक्शन पॅकमधून नाही, सिंगल्समधून उभं राहतं.

आणि कोणाचं घ्यायचं हे यूट्यूबवरच्या कोणाच्यातरी यादीवरून ठरवू नकोस. एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिच्या टीम्स नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट. २००७ च्या ड्राफ्टमध्ये पहिला ग्रेग ओडन गेला आणि दुसरा केविन ड्युरंट, तेव्हा लोक ओडनच्या कार्डांमागे पळत होते, बिचाऱ्याच्या गुडघ्यांनी साथ दिली नाही आणि एनबीएत तो जेमतेम १०५ मॅच खेळू शकला. उलट निकोला योकिच २०१४ ला ४१ वा निवडला गेला, त्याची रुकी कार्डं आली २०१५-१६ च्या सेट्समध्ये, ती तेव्हा लोक ट्रेडमध्ये वरून फुकट टाकून द्यायचे. नंतर तो तीनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. ज्यांना त्याचा पास देण्याचा हात तेव्हाच आवडला होता त्यांच्याकडे ती कार्डं होतीच. म्हणून म्हणते मॅच बघ, यादी बघू नकोस.

प्रश्न : माझ्याकडे लुका डॉन्चिचचं २०१८-१९ चं प्रिझम रुकी आहे, साधं बेस, सेटमधलं २८० नंबरचं. एक जण त्याच्या बदल्यात आठ कार्डं देतोय, सगळी सहीची नाहीतर जर्सीचा तुकडा असलेली. आठला एक म्हणजे माझाच फायदा ना?

थांब, हो म्हणू नकोस अजून. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सगळ्यात जास्त वेळा आलाय त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे ती आठ कार्डं कोणाची आहेत? सही आहे म्हणून कार्ड भारी होत नाही, सही कोणाची आहे त्यावर सगळं आहे. दोन सीझन बेंचवर बसून लीगबाहेर गेलेल्या खेळाडूचा ऑटो कोणीच मागत नाही, आणि तुला तो देणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. जर्सीचं कार्ड असेल तर उलटं करून मागचा मजकूर वाच. तिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं की हा तुकडा कुठल्याही ठराविक मॅचमधला नाही. खेळाडूने मॅचमध्ये घातलेल्या जर्सीचा तुकडा, नुसता फोटोशूटला अंगात चढवलेल्या जर्सीचा तुकडा आणि कुठूनतरी आणलेलं कापड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पुढून तिन्ही सारखीच दिसतात. सहीतही बघ, थेट कार्डावर केलीय का पारदर्शक स्टिकरवर करून तो स्टिकर चिकटवलाय. थेट कार्डावरच्या सहीला कलेक्टर जास्त मान देतात.

दुसरं, किंमत काढताना लोक मागतात ती किंमत बघायची नाही, विकलं गेलं ती बघायची. मागायला कोणी काहीही मागेल. ऑनलाइन विक्रीच्या साइटवर सोल्ड असा फिल्टर असतो तो लाव, आणि अगदी तेच कार्ड बघ, तोच सेट, तेच वर्ष, तोच पॅरलल, तीच ग्रेड, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने कार्ड तपासून त्याच्या स्थितीला दहापैकी दिलेला आकडा. तुझं बेस आहे तर सिल्व्हरची किंमत बघून खूश होऊ नकोस आणि ग्रेड नसलेलं आहे तर पीएसए १० ची, म्हणजे पीएसए या ग्रेडिंग कंपनीने १० दिलेल्या कार्डाची, बघून पण नको. शेवटच्या चार-पाच विक्री बघ, एखादी फारच वर किंवा फारच खाली असेल तर ती सोडून दे. याला कॉम्प्स म्हणतात. मग त्या आठही कार्डांचे कॉम्प्स काढ, एकेकाचे, आणि बेरीज कर.

आता समजा बेरीज बरोबर जुळली, तरीही मी तुझ्या जागी असते तर नाही म्हटलं असतं. कारण लुकाचं रुकी उद्या कोणालाही दाखवलं तर घेणारा मिळतो, ती आठ कार्डं खपवायला आठ वेगवेगळी माणसं शोधावी लागतील. म्हणून ट्रेड करणाऱ्यांत रीत अशी आहे की जो एक मोठं कार्ड देतो त्याला समोरच्याने कॉम्प्सपेक्षा थोडं जास्त द्यायचं. हे मागायला लाजू नकोस, यात हावरटपणा नाही.

वेळही बघावी लागते. २०२५ च्या फेब्रुवारीत लुका डॅलसहून अचानक लेकर्सला गेला, अशा बातमीच्या दिवशी जुने कॉम्प्स काही कामाचे नसतात, दोन-चार दिवस थांबलेलं बरं. ऑफ सीझनला साधारण सगळंच थंड असतं, खेळाडू जखमी झाला की भाव पडतो, प्लेऑफमध्ये चालला की चढतो. विकायचं असेल आणि घ्यायचं असेल तर उलट्या वेळा धरायच्या एवढंच.

ट्रेड मला विक्रीपेक्षा आवडतो त्याचं कारण, विकलं की साइटचं कमिशन जातं, परत दुसरं घेताना पोस्टेज जातं, ट्रेडमध्ये दोघांचंही ते वाचतं आणि दोघांनाही हवं ते मिळतं. समोरासमोर बसून दोघांनी आपापला बाइंडर उघडायचा आणि पानं उलटत जायचं, समोरच्याची नजर कुठल्या खिशावर थांबते ते दिसतं आणि त्याला तुझी दिसते. तो अर्धा तास म्हणजे खरा छंद, तो चुकवू नका.

पोस्टाने ट्रेड करत असाल तर आधी कार्डाचे पुढचे-मागचे फोटो मागा, शेजारी चिठ्ठीवर हाताने नाव आणि तारीख लिहून ठेवलेले, म्हणजे फोटो त्याचेच आहेत हे कळतं. ज्याचे आधीचे ट्रेड कमी आहेत त्याने आधी पाठवायचं असा शिरस्ता आहे, ट्रॅकिंग नंबर द्यायचाच. आणि नाही म्हणायचं असेल तर लगेच नाही म्हणा, लोकांना आठवडाभर लटकत ठेवू नका.

प्रश्न : माझ्याकडे १९८६ चं फ्लीर कंपनीचं मायकल जॉर्डन कार्ड आलंय, देणारा ओरिजिनल म्हणतोय. घरच्या घरी ओळखता येतं का?

पूर्ण खात्री घरी होत नाही, पण बहुतेक नकली कार्डं घरीच पकडता येतात. हे १३२ कार्डांच्या सेटमधलं ५७ नंबरचं कार्ड, जॉर्डन हवेत डंकला निघालाय, भोवती लाल-पांढरी-निळी चौकट. या कार्डाइतक्या नकला बास्केटबॉलमध्ये क्वचितच कशाच्या झाल्या असतील, त्यामुळे संशयानेच सुरुवात करा.

ज्वेलर वापरतात तसं भिंग घ्या. छापील फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची नीटस जाळी, ती ओरिजिनलमध्येही असतेच. पण अक्षरं आणि काळ्या रेघा बघा, त्या ओरिजिनलमध्ये सलग शाईच्या, धारदार कडेच्या असतात. कोणी ओरिजिनल स्कॅन करून परत छापलं असेल तर ती अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनतात, कडा फुटलेल्या दिसतात. हे एकदा डोळ्याने बघितलं की परत कोणी सांगावं लागत नाही. डोळा भिंगाला सरावण्यासाठी त्याच सेटमधलं एखादं स्वस्त, साध्या खेळाडूचं कार्ड आणा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा, कागदाचा रंग, जाडी, मागची छपाई, सगळं. तुलनेला खरं कार्ड हातात असणं याच्यासारखा दुसरा उपाय नाही.

मग माप. कार्ड अडीच बाय साडेतीन इंचाचं असतं, कडा घासलेली दिसू नये म्हणून लोक बारीकशी पट्टी कापून टाकतात, त्याला ट्रिमिंग म्हणतात, असं कार्ड खरं असूनही भाव जवळजवळ जातो. या सेटच्या रंगीत कडांवर पांढरे टवके सहज उडतात, त्यामुळे चाळीस वर्षांच्या कार्डाच्या चारही कडा फारच कोऱ्या करकरीत दिसल्या तर मी आधी फूटपट्टी काढते.

कार्ड ग्रेड केलेलं, प्लास्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये असेल तर त्यावरचा सर्टिफिकेट नंबर ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकून बघा, आणि एवढ्यावर थांबू नका, खरा नंबर चोरून नकली स्लॅब बनवणारेही आहेत. साइटवर फोटो असेल तर तुमच्या कार्डाचं सेंटरिंग (चित्र चौकटीत किती मधोमध बसलंय ते) आणि एखादा टवका त्याच्याशी जुळतोय का ते बघा.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. मोबाईलवर कुठल्यातरी बॉक्स ब्रेकचे व्हिडिओ बघतो आणि त्यात पैसे भरायला मागतो. हे नक्की काय आहे, आणि हा जुगार तर नाही ना?

ताई, तुमची शंका बरोबर आहे. ब्रेकमध्ये एक जण महागडे बॉक्स घेतो, त्यातल्या टीम्स लोकांना विकतो, मग लाइव्ह बॉक्स फोडतो, ज्याने जी टीम घेतली त्या टीमची कार्डं त्याची. काही ठिकाणी टीम तुम्ही निवडता, काही ठिकाणी चिठ्ठ्या काढून मिळते. पैसे भरून हातात काहीच न येणं यात अगदी सहज होतं. कायद्यात त्याला काय म्हणतात ते देशोदेशी वेगळं असेल, पण बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात चालतं ते जुगारात चालतं तेच, अजून एकदा, आता नक्की निघेल. मी तरी माझ्या घरातल्या मुलाला यात पैसे भरू देणार नाही.

पण म्हणून कार्डंच बंद करू नका प्लीज. त्याला महिन्याचे ठराविक पैसे द्या आणि सांगा की यात फक्त सिंगल्स घ्यायचे किंवा ट्रेड करायचा, आणि प्रत्येक ट्रेड एका वहीत लिहायचा, काय दिलं, काय घेतलं, त्या दिवशी दोन्हीचे कॉम्प्स काय होते. मुलं यातून जे हिशेब शिकतात, घासाघीस शिकतात, नाही म्हणायला शिकतात ते मी डोळ्याने बघितलंय. आणि तुम्हीही कधीतरी त्याच्या शेजारी बसून त्याचा बाइंडर बघा, तो न थांबता बोलेल.

प्रश्न : कार्ड ग्रेडिंगला पाठवावं की नाही हे कसं ठरवायचं?

आधी कार्ड स्वतः तपासायचं, चार गोष्टी, सेंटरिंग, कोपरे, कडा, सरफेस. एकच दिवा ठेवा आणि त्याखाली कार्ड हळूहळू तिरकं करत न्या, क्रोमसारख्या चमकदार कार्डावर सरळ बघून काहीच दिसत नाही, तिरकं केलं की बारीक ओरखडे, छपाईची आडवी रेघ, छोटा खळगा, सगळं वर येतं. सेंटरिंगसाठी डावी-उजवी आणि वरची-खालची चौकट मोजा, पीएसएच्या १० साठी पुढून साधारण ५५/४५ च्या आत लागते, मागच्या बाजूला बरीच सूट असते.

मग हिशेब. लोक १० मिळेल असं धरून चालतात, तुम्ही ९ धरून चाला. ९ ची विक्री किंमत वजा ग्रेडिंगची फी, वजा पाठवण्या-आणण्याचा खर्च, हे जर ग्रेड न केलेल्या कार्डाच्या आत्ताच्या किमतीपेक्षा कमी येत असेल तर पाठवू नका. आधुनिक कार्डांमध्ये ९ आणि १० च्या भावात प्रचंड दरी असते, आणि बऱ्याच बेस कार्डांचं ९ विकून फीसुद्धा निघत नाही. जे कार्ड कधीच विकायचं नाहीये पण जपायचंय त्याची गोष्ट वेगळी, तिथे मन म्हणेल तसं करा.

आणि १० लासुद्धा कायमचा भाव नसतो हं. २०२१ च्या जानेवारीत वर सांगितलेलं जॉर्डन, पीएसए १०, ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं होतं, तेव्हा घरात बसलेलं सगळं जग कार्डं घेत होतं आणि ग्रेडिंग कंपन्यांकडे एवढे ढीग साचले की पीएसएने स्वस्तातल्या सर्व्हिस काही काळ बंदच केल्या. २०२२ मध्ये तेच कार्ड त्याच ग्रेडमध्ये २ लाख डॉलरच्या आसपास आलं. कार्ड तेच, जॉर्डनही तोच.

प्रश्न : काकांचा जुना अल्बम सापडला, १९९० ते ९३ ची हूप्स, स्कायबॉक्स, फ्लीर, अप्पर डेक अशी हजारभर कार्डं. लॉटरी लागली का?

पैशाच्या बाबतीत बहुधा नाही. त्या काळात कंपन्यांनी बेसुमार छापलं, लोकांनी गुंतवणूक म्हणून बॉक्सच्या बॉक्स भरून ठेवले, त्यामुळे ती कार्डं आजही ढिगाने उपलब्ध आहेत. या काळाला कलेक्टर जंक वॅक्स म्हणतात, मला ते नाव अजिबात आवडत नाही कारण डिझाइनच्या दृष्टीने ही कार्डं देखणी आहेत, १९९०-९१ चं स्कायबॉक्स बघा, मागे कॉम्प्युटरवर काढलेले रंगीबेरंगी आकार आणि वर खेळाडू, तेव्हाच्या मानाने केवढं धाडस.

तरी अल्बम चाळाच. शाकील ओनील १९९२-९३ चा रुकी, त्याचे इन्सर्ट वेगळे काढा. अल्बम पुढच्या वर्षांपर्यंत जात असेल तर १९९३-९४ च्या टॉप्स फायनेस्टची कार्डं तिरकी करून बघा, इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली तर रिफ्रॅक्टर नावाचं खास चकाकणारं पॅरलल असू शकतं, आणि १९९६-९७ टॉप्स क्रोममध्ये १३८ नंबरला कोबी ब्रायंटचं रुकी आहे, ते दिसलं तर आहे तिथेच ठेवा, बोटांनी ओढून काढू नका, जुन्या पीव्हीसीच्या पानांना कार्ड चिकटलेलं असतं.

प्रश्न : पॅनिनीचं एनबीए लायसन्स गेलं, टॉप्स परत आलं. मग माझी सगळी प्रिझम कार्डं आता रद्दी होणार का?

नाही हो. प्रिझम छापणाऱ्या पॅनिनीकडे २००९-१० पासून एनबीएचे हक्क होते, २०२५-२६ पासून टॉप्सकडे गेलेत. पण तुमच्या हातातलं कार्ड त्या खेळाडूच्या त्या वर्षाचं आहे, ते कुठे जातंय? फ्लीर तर २००५ ला बुडाली, तिच्या जॉर्डनवर वर एवढं लिहिलंय. लेब्रॉनचं २००३-०४ चं अप्पर डेक एक्स्क्विझिट, फक्त ९९ छापलेलं, त्यातलं एक २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला गेलं, तेव्हा अप्पर डेककडे लायसन्स नसून दहाएक वर्षं झाली होती. विंबान्यामाची एनबीए लायसन्स असलेली रुकी कार्डं २०२३-२४ ची म्हणजे पॅनिनीचीच, ती काही बदलणार नाहीत.

प्रश्न : मला एकाच खेळाडूची कार्डं जमवायला आवडतात, तो स्टार नाही, सहावा-सातवा खेळाडू, डिफेन्स करणारा. ग्रुपमधले म्हणतात वेळ वाया घालवतोयस. आणि दमट हवेत कार्डं वाकडी होतात त्याला काय करू?

जमव रे, बिनधास्त जमव! याला पीसी म्हणतात, पर्सनल कलेक्शन, आणि माझ्या मते सगळ्यात समाधानाचा प्रकार हाच. स्टारचं गोल्ड पॅरलल घ्यायला लोक कर्ज काढतील, तुझ्या खेळाडूचं तेच १० पैकीचं गोल्ड तुला एखाद्या ट्रेडमध्ये सहज मिळून जाईल. त्याचे एका सेटमधले सगळे रंग जमवायला घे, बेसपासून एकमेव कार्डापर्यंत, त्याला रेनबो म्हणतात. स्टारच्या बाबतीत हे बहुतेकांना अशक्य आहे, तुला शक्य आहे. चार लोकांना सांगून ठेव की याची कार्डं मी घेतो, मग ज्यांच्या पॅकमध्ये निघतील ते स्वतःहून तुला आणून देतील, कारण त्यांना दुसरं गिऱ्हाईक नाही. फक्त बदल्यात तुझ्याकडचं काहीतरी त्यांच्या टीमचं काढून ठेव, घेणारा हात म्हणून ओळख झाली तर लोक आणायचं बंद करतात.

वाकडी होण्याचं म्हणशील तर चमकदार कार्डाच्या दोन बाजू ओल वेगवेगळी ओढतात म्हणून कार्ड कमान धरतं. आधी पातळ प्लास्टिकची स्लीव्ह, स्लीव्हचा तोंडाचा एक कोपरा कात्रीने तिरका कापून घे म्हणजे कार्ड सरकवताना त्याचं टोक अडकत नाही, मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट, साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा (पॉइंट हे जाडीचं माप) पुरतो, जर्सीचा तुकडा असलेल्या जाड पॅचच्या कार्डाला १३० चा लागतो, लहान टॉपलोडरमध्ये जाड कार्ड दाबून बसवायचं नाही. वरून चिकटपट्टी लावायचीच असेल तर रंगकाम करणारे वापरतात ती हलकी निळी टेप, आणि टोक दुमडून ठेव म्हणजे घेणाऱ्याला नखाने खरवडत बसावं लागणार नाही. डबा झाकणाचा घे, आत सिलिका जेलच्या पुड्या टाक, डबा बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नकोस. आधीच वाकलेली आहेत ती टॉपलोडरमध्ये घालून डबा गच्च न भरता उभी ठेव, काही आठवड्यांत बरीचशी सरळ होतात. इस्त्री, हेअर ड्रायर, जाड पुस्तकाखाली दाबणं यातलं काहीही करू नकोस, सरफेस जातो आणि तो परत येत नाही.